एक आठवडा, दोन सिनेमे आणि एक चाचणी



आम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहोत. एक सेनगाव तालुक्यातली, एक औंढ्याकडची आणि एक कळमनुरीची. कॉलेजसाठी हिंगोलीत तिघींनी मिळून एक खोली केली आहे. आज जे सांगणार आहोत त्यात घरचं बोलणं आहे, म्हणून नावं सांगायची नाहीत असं आम्ही आधीच ठरवलं. एकमेकींना आम्ही गावावरूनच ओळखू: सेनगावची, औंढ्याची, कळमनुरीची.

केंद्रावरच्या ताईंनी आम्हाला विचारलं होतं, "तुम्ही पोरी सिनेमेही बघता, अभ्यासही करता. दोन्ही जमतं कसं? एकदा येऊन सांगा." खरं सांगायचं तर ते आम्हाला जमत नव्हतं. म्हणून आधी न जमल्याचं सांगतो. मग ज्या आठवड्यात थोडंफार जमलं, त्या आठवड्याचं सांगतो.

गेल्या सेमिस्टरला आमची रीत अशी होती. जेवणं झाली, भांडी घासली, की एकीचा मोबाईल उशीला टेकवायचा आणि तिघींनी एका गोधडीत बसून बघायचं. रोजचा दीड जीबी डेटा रात्री बाराला संपतो. पैसे भरलेत तर वाया का घालवायचा, हा आमचा हिशेब. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. एक वाजायचा, दोन वाजायचे. सकाळच्या तासाला डोळे मिटायचे. निकाल लागला तेव्हा सेनगावचीचा समाजशास्त्राचा विषय राहिला. दोघी पास झालो, पण काठावर.

तिच्या घरी हे कळलं. शिवाय कोणीतरी नातेवाइकाने तिच्या आप्पांच्या कानावर घातलं, की पोरी खोलीवर रात्रभर पिक्चर बघतात. दिवाळीनंतर तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. आप्पांचं म्हणणं सरळ होतं: शिकायचं नसेल तर भाडं कशाला भरायचं? मैत्रिणींनो, त्यांना सगळं खोटं ठरवायला आम्हाला जागा नव्हती. विषय राहिला होता, हे खरंच होतं.

आता त्या आठवड्याचं. फेब्रुवारी महिना होता. शुक्रवारी समाजशास्त्राची अंतर्गत चाचणी, २० गुणांची. शनिवारी मराठीचा सेमिनार, विषय 'कादंबरीवरून निघालेले चित्रपट आणि त्यातली स्त्री'. दोन चित्रपट बघून त्यांची तुलना करायची होती. म्हणजे ज्या गोष्टीपायी आमचा विषय राहिला, तीच गोष्ट आता अभ्यास म्हणून आली. आणि रविवारी सेनगावचीच्या घरी पाहुणे येणार होते, तिला बघायला.

आम्ही आधी मॅडमना म्हणालो, की 'सैराट' आणि त्यावरून हिंदीत निघालेला 'धडक' घेतो. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "एक तर ते कादंबरीवरचे नाहीत. आणि 'सैराट' तुम्हाला पाठ आहे. पाठ असलेल्या गोष्टीची तुलना करताना माणूस नवं काही बघत नाही." त्यांनी दोन नावं दिली: १९३७ सालचा 'कुंकू' आणि १९८२ सालचा 'उंबरठा'. 'कुंकू' ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून झाला, 'उंबरठा' शांता निसळ यांच्या 'बेघर'वरून. दोन्ही सिनेमे त्या त्या वेळी हिंदीतही निघाले. 'कुंकू'चा हिंदीत 'दुनिया न माने' झाला आणि 'उंबरठा'चा 'सुबह'.

रविवारी रात्री आम्ही वहीच्या पानावर आठवडा आखला. सकाळी सहा ते साडेसात चाचणीचा अभ्यास. मग स्वयंपाक, ज्या दिवशी जिची पाळी असेल तिने. दहा ते तीन कॉलेज. संध्याकाळी सात ते साडेआठ पुन्हा अभ्यास. साडेआठ ते साडेनऊ सिनेमा, तोही हातात पेन घेऊन. दहा वाजता मोबाईल तिघींच्याही हातातून काढून खिडकीत. 'कुंकू' अडीच तासांहून मोठा, म्हणून तो एका बैठकीत बघायचाच नाही. कागद भिंतीला चिकटवला. घरमालकीण आजींनी विचारलं, "हे काय, नवस लिहिला का?" आम्ही म्हणालो, तसंच समजा.

सोमवारी 'कुंकू' सुरू केला. कृष्णधवल सिनेमा, बोलण्याची ढब जुनी. पहिली दहा मिनिटं आम्हाला कंटाळा आला, हे कबूल करतो. मग कथा पकडीत आली. नीरा नावाची आईबाप नसलेली मुलगी मामाकडे वाढते. मामा पैशासाठी तिचं लग्न एका म्हाताऱ्या बिजवर वकिलाशी, काकासाहेबांशी लावून देतो. तिला फसवून. नीरा सासरी येते, पण त्या माणसाला नवरा मानायला नकार देते. रडत बसत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात राहून नकार देते. शांता आपटे यांनी ती नीरा केली आहे. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि सिनेमा पुण्याच्या प्रभात कंपनीचा. प्रभातच्या त्याच जागेत आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मग आत येऊन बसल्याच. त्यांनी मोबाईलवर सिनेमा कधी बघितला नव्हता. नीरा काकासाहेबांना नकार देते तिथे आजी म्हणाल्या, "असं बोलता येत होतं होय?" आम्ही विचारलं, "आजी, तुमचं लग्न कितव्या वर्षी झालं?" म्हणाल्या, "तेराव्या. मला कोणी विचारलं नाही आणि विचारायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं." एवढं बोलून त्या पुढचं बघू लागल्या. आमची पेनं मात्र थांबली होती.

इथे आम्हाला समाजशास्त्राचं पुस्तक आठवलं. चाचणीला 'विवाह आणि सामाजिक कायदे' हे प्रकरण होतं. आम्ही सनावळी पाठ करत होतो आणि ती सारखी विसरत होतो. त्या रात्री ती वहीत सिनेमांच्या शेजारी लिहिली. १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, त्यालाच सारडा कायदा म्हणतात. मुलीचं वय किमान १४ आणि मुलाचं १८. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा. आपली हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. पुण्यात 'कुंकू' तयार झाला तेव्हा इथल्या मुलीला त्या कायद्याचा काही उपयोग नव्हता. पुढे १९७८ साली मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ झालं. म्हणजे 'कुंकू' आणि 'उंबरठा' यांच्या मधल्या ४५ वर्षांत कायद्याने मुलीला ४ वर्षं जास्तीची दिली. असं लिहिल्यावर सनावळी पुन्हा विसरली नाही. आजींचं लग्न झालं तेव्हाही १३ वर्षांच्या मुलीचं लग्न कायद्यात बसत नव्हतंच. पण कायदा पुस्तकात होता, मांडवात नव्हता.

बुधवारी सकाळी आम्ही कॉलेजला निघायच्या आत सेनगावचीचे आप्पा दारात. पहिल्या एसटीने आले होते. हळदीची काढणी चालू होती, शेतात माणूस मिळत नव्हता, तरी काम टाकून आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "रविवारी पाहुणे आहेत, शनिवारी दुपारीच गावी ये. आणि हे सेमिस्टर झालं की खोली सोडायची."

ती काहीच बोलली नाही. आम्ही दोघीही गप्प. मग आप्पांची नजर भिंतीवरच्या कागदाकडे गेली. त्यांनी तो सगळा वाचला. 'साडेआठ ते साडेनऊ सिनेमा' या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय?" तेव्हा कळमनुरीचीने वही पुढे केली. म्हणाली, "काका, हा अभ्यासातच आहे. शनिवारी यावर बोलायचंय, त्याचे गुण आहेत." आप्पांनी वही चाळली. डावीकडे 'कुंकू', उजवीकडे मोकळी जागा, मध्ये प्रश्न. त्यांनी किती वाचलं ते आम्हाला कळलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "लिहिता हे बरंय. पण मला मार्क दाखवा."

त्यांचं ते बोलणं तेव्हा आम्हाला कोरडं वाटलं. आज वाटतं, त्यांनी एक दार किलकिलं ठेवलं होतं.

वहीतले प्रश्न आम्ही मॅडमच्या सांगण्यावरून काढले होते. मॅडम म्हणाल्या होत्या, "कोणता सिनेमा चांगला, हे विचारू नका. दोन्ही सिनेमांना तोच प्रश्न विचारा आणि उत्तरं शेजारी शेजारी लिहा. तुलना म्हणजे तेवढंच." आम्ही चार प्रश्न काढले. पहिला, तिच्या आयुष्याचं कोणी ठरवलं? दुसरा, तिच्या हातात स्वतःचा पैसा आहे का? तिसरा, घरातलं कोण तिच्या बाजूने बोलतं? चौथा, शेवटी ती कुठं जाते आणि सोबत कोण असतं?

बुधवारी रात्री आणि गुरुवारी 'उंबरठा' बघितला. जब्बार पटेल यांचा सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि सुलभा झाल्या आहेत स्मिता पाटील. सुलभा खात्यापित्या घरची सून. नवरा वकील, सासू स्वतः समाजकार्य करणारी. सुलभाला लांबच्या गावी महिलांच्या सुधारगृहात अधीक्षक म्हणून नोकरी मिळते. लहान मुलीला जावेजवळ ठेवून ती जाते. तिथला गैरकारभार बघून झगडते, एकटी पडते, राजीनामा देऊन परत येते. घरी येते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा घर सोडते. शेवटी ती आगगाडीत बसलेली दिसते.

यावर आमचं भांडण झालं. औंढ्याची म्हणाली, "लेकराला टाकून जायला नको होतं." कळमनुरीची म्हणाली, "आपल्या गावातून माणसं पुण्याला कंपनीत जातात, वर्षातून दोनदा येतात. त्यांना कोणी म्हणतं का लेकराला टाकलं?" औंढ्याची म्हणाली, "बाईची गोष्ट वेगळी." मग सेनगावची बोलली. बुधवारपासून ती फारसं बोललीच नव्हती. म्हणाली, "ऊसतोडीला जाणाऱ्या बाया लेकरं आजीपाशी ठेवून जातात. त्यांना कोणी वाईट आई म्हणत नाही, कारण त्या पोटासाठी जातात. सुलभा पोटासाठी गेली नाही. तिला काम करावंसं वाटलं म्हणून गेली. राग त्याचा आहे." यावर औंढ्याचीकडे उत्तर नव्हतं. पण तिचं मत पूर्ण बदललं असंही नाही. सेमिनारमध्ये आम्ही दोन्ही मतं मांडली.

मग वहीत उजवी बाजू भरली. पहिला प्रश्न: नीराचं मामाने ठरवलं, सुलभाने नोकरीचं स्वतः ठरवलं. दुसरा: नीराकडे पैसा नाही, सुलभाकडे पगार आहे. इथपर्यंत वाटलं, ४५ वर्षांत बाई खूप पुढे गेली. तिसऱ्या प्रश्नाला मात्र आम्ही अडलो. नीराच्या बाजूने त्या घरात एक बाई उभी राहते, काकासाहेबांची थोरली मुलगी, नीराहून वयाने मोठी. नात्याने सावत्र लेक, पण तीच म्हणते की या मुलीवर अन्याय झालाय. ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली आहे. त्या खऱ्या आयुष्यातही संततिनियमनाचं काम करणाऱ्या, पुढे राज्यसभेवर गेलेल्या, १९९१ साली पद्मभूषण मिळालेल्या. आणि सुलभाच्या घरात? सासू बाहेर बायकांसाठी काम करते, जाऊ लेकराला जीव लावते. पण सुलभाचं म्हणणं बरोबर आहे, असं त्या घरात कोणी ठामपणे म्हणत नाही.

चौथा प्रश्न. नीरा मोकळी होते ती काकासाहेब स्वतःची चूक ओळखून जीव देतात तेव्हा. सुलभा स्वतःच्या पायांनी बाहेर पडते, पण एकटी. नीराकडे साथ होती, पैसा नव्हता. सुलभाकडे पैसा होता, साथ नव्हती. दोन्ही एकत्र कोणाकडेच नाही. वहीत हे एका खाली एक लिहिल्यावर दिसलं. नुसता एकेक सिनेमा बघून उठलो असतो तर दिसलं नसतं.

गुरुवारी रात्री दहाला मोबाईल खिडकीत ठेवायची वेळ झाली तेव्हा सेनगावची म्हणाली, "मला पाच मिनिटं द्या, मायला फोन करायचाय." आम्ही बाहेर जायला निघालो तर म्हणाली, बसा. तिने मायला नीराची गोष्ट सांगितली, थोडक्यात. मग विचारलं, "माय, माझ्याकडून घरात बोलणारं कोण आहे?" पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग माय म्हणाली, "तू शुक्रवारचा पेपर दे." आणि फोन ठेवला.

शुक्रवारी चाचणी झाली. विवाहविषयक कायद्यांवर प्रश्न आला होता. शनिवारी सेमिनार झाला. बोलताना पाय कापत होते, पण चार प्रश्नांची वही हातात असल्यामुळे गाडी रुळावरून उतरली नाही. दुपारी सेनगावची गावी गेली.

पुढचं तिने आल्यावर सांगितलं. घरी हळद शिजवून वाळत घातली होती, मायचे हात कोपरापर्यंत पिवळे. रात्री जेवताना माय आप्पांना म्हणाली, "पाहुण्यांना उद्या नको म्हणून कळवा. परीक्षा होऊ द्या. तिचं तिसरं वर्षही होऊ द्या." आप्पा म्हणाले, "तू कधीपासून बोलायला लागलीस?" माय म्हणाली, "आजपासून." आप्पा जेवून उठले. रात्री उशिरा त्यांनी फोन केला आणि पाहुण्यांना परीक्षेनंतर बघू असं सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, सिनेमासारखंच झालं. तसं नाही. स्थळाचं बोलणं पुढे ढकललंय, थांबलेलं नाही. तिसऱ्या वर्षाचं आप्पांनी कबूल केलेलं नाही. चाचणीत तिला २० पैकी १५ मिळाले, त्या कागदाचा फोटो तिने आप्पांना पाठवला. उत्तर आलं, 'ठीक'. गेल्या सेमिस्टरचा राहिलेला विषय अजून काढायचा आहे. खोली टिकणार की नाही, ते त्यावर ठरेल. ती १९ वर्षांची आहे. कायद्याची राखण १८ला संपते. त्यापुढचं घरात बोलूनच ठरवावं लागतं. आणि ऐकणाऱ्यांमध्ये कोणी अशी असेल, जिच्या घरात १८ च्या आतल्या मुलीचं लग्न ठरतंय, तिने १०९८ हा नंबर लक्षात ठेवावा. तो मुलांच्या मदतीसाठीच आहे.

आमच्या वयाच्या मैत्रिणींना दोन गोष्टी सांगतो. सिनेमा सोडू नका, पण त्याला आठवड्यात जागा द्या. जागा दिली नाही तर तो सगळीच जागा घेतो, हे आम्ही भोगलंय. आठवड्याला एक किंवा दोन, ठरलेल्या वेळी, वही जवळ ठेवून. आणि दोन सिनेमांना तोच एक प्रश्न विचारून बघा. प्रश्न साधा असला तरी चालतो: या बाईच्या बाजूने घरात कोण बोलतं?

आणि ऐकणाऱ्या आयांना, मावश्यांना, आज्यांना एक विनंती. पोरगी मोबाईल घेऊन बसली की तो लगेच हिसकावू नका. एखाद्या दिवशी आमच्या घरमालकीण आजींसारख्या शेजारी येऊन बसा. काय बघतेस, विचारा. पटलं नाही तर तसं सांगा, भांडा. पण बोला. सेनगावचीच्या मायने एक वाक्य बोलून आमच्या मैत्रिणीला निदान एक सेमिस्टर मिळवून दिलं आहे.

आजींनी परवा विचारलं, "ती आगगाडीत बसलेली बाई पुढे कुठं गेली?" आम्ही म्हणालो, सिनेमा तिथंच संपतो. आजी म्हणाल्या, "मग तुम्ही सांगा की." पुढच्या शनिवारी कॉलेजात आम्हाला त्यावरच लिहायचं आहे. तुम्हाला काय वाटतं, तेही केंद्रावर कळवा. आम्ही वाचू.